सतराव्या आणि अठराव्या तुकड्याच्या मधे

थोरल्या जावेने वीस वर्षं एकाच संगणकावर जंतू शोधले. रोग्याच्या नमुन्यातल्या जनुकाची अक्षरमाळ द्यायची आणि जगभरच्या जंतूंच्या साठ्यात ती कुठे जुळते ते पाहत बसायचं. दिवस जायचा. माणसं तिच्या खुर्चीमागे ताटकळत उभी राहायची.

मग त्याच प्रयोगशाळेत धाकटी जाऊ आली. तिने साठ्याचे चौसष्ट तुकडे केले, चौसष्ट संगणकांना वाटले आणि सगळ्यांना एकदमच जुंपलं. चहा निवायच्या आत उत्तर हजर! घरी सासूबाई तिचे गोडवे गात, इथे साहेब. थोरली रोज देवापुढे म्हणायची, "एवढी आग विझव रे बाबा." आणि उठली की पुन्हा धुमसायची. मत्सराचं असंच असतं, हात जोडलेले असतानाही तो आत फुंकर घालत बसतो.

त्या सकाळी डॉक्टर आले. सहा वर्षांची मुलगी तापाने फणफणलेली. जंतू कळल्याशिवाय औषध ठरेना.

धाकटीने शोध घेतला. चौसष्टही संगणक म्हणाले, नाही.

"नवाच जंतू दिसतोय," ती म्हणाली. चेहरा पार उतरला.

थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या. सहज म्हणून तिने नाकारलेल्या जुळण्यांची यादी उघडली. सतराव्या तुकड्याच्या शेपटीला अर्धी माळ जुळत होती, अठराव्याच्या डोक्याला उरलेली अर्धी. कात्री नेमकी जनुकावरूनच गेली होती, आणि अर्धी जुळणी दोन्ही संगणकांनी कचरा म्हणून टाकली होती.

हीच चूक तिने पूर्वी एकदा दोन संगणकांना साठा वाटून पाहताना केली होती. कुणाला सांगितली नव्हती.

गप्प बसलं तर? संध्याकाळी आपल्या संगणकावर उत्तर येईल, माणसं पुन्हा खुर्चीमागे येतील. पण तिकडे पोर तापलेलं. डॉक्टर घड्याळ बघत होते.

"अगं शहाणे," ती करवादली, "कापड बेतताना शिवणीला जास्तीचं सोडतात ना? प्रत्येक तुकडा पुढच्यावर थोडा चढू दे!"

धाकटीने तुकडे तसेच बेतले, शिवणीवरचं जनुक आता अख्खं सापडलं. पाच मिनिटांत नाव आलं. जुनाच जंतू, औषध ठाऊक असलेला.

"कमाल आहे हो तुमची!" डॉक्टर धाकटीला म्हणाले आणि पळाले.

थोरलीने यादी फटकन बंद केली.

"जाऊबाई, तुम्हाला कसं कळलं?"

"माझंही एकदा असंच कापलं गेलं होतं."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तू विचारलंस कधी?"

धाकटीने आपली खुर्ची ओढत तिच्या शेजारी आणली. थोरलीने आठ्या घातल्या. पण मधली पिशवी उचलून तिने जागा केली.