मागची डावी सीट

गाडीत बसणाऱ्या माणसाचं मी तोंड बघत नाही, आधी हात बघतो. हातात झाकण नसलेला पेला, तेलकट कागद, गळकी पिशवी, काहीही दिसलं की मी आरसा मागच्या सीटवर वळवतो. तोंडं काय, सगळ्यांचीच सभ्य असतात. आठ वर्षं ॲपवर गाडी चालवतोय. मागच्या सीटवर लोक काय काय करून ठेवतात ते सांगितलं तर तुम्हाला जेवण जाणार नाही. आणि वर उतरताना म्हणतात, "थँक्यू दादा!"

बायको म्हणते, "देव जरी गाडीत बसला ना, तरी तुम्ही आधी त्याचे पाय पुसायला लावाल." लावेनच! गाडीचे हप्ते देव भरतो का?

कुणी सीट घाण केली तर कंपनी त्याच्याकडून सफाईचे आठशे कापून ड्रायव्हरला देते. पण पुरावा लागतो. माझं सीट कव्हर काळं, त्यावर ओल दिसत नाही. म्हणून मी एक युक्ती काढली. सकाळी दारातच सीटवर पांढरा टिश्यू दाबायचा आणि कोरड्या टिश्यूचा फोटो काढायचा. दिवसा ओल लागली की पुन्हा टिश्यू, पुन्हा फोटो. दोन्ही पाठवले की समोरच्याची बोलती बंद. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर आधी हसले, मग गुपचूप त्यांनीही टिश्यूचे डबे आणले.

तर गेल्या महिन्यात मागची डावी सीट ओली व्हायला लागली. पाण्यानं नव्हे. ऊन चढलं की वास यायचा.

पहिल्यांदा तान्हं बाळ घेतलेला एक बाप होता. विचारायचं कामच नव्हतं. दुसऱ्यांदा कॉलेजातली मुलगी, ती तर रडकुंडीला आली. "काका, खरंच मी नाही काही सांडलं!" मी म्हटलं, नाटकं. तिसऱ्यांदा एक निवृत्त शिक्षिका, गुडघ्याला पट्टा, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. त्या उतरल्यावर टिश्यू दाबला तर पिवळा. मी फोटो पाठवला आणि खाली लिहिलं : प्रवाशाने सीट ओली केली.

बाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. कंपनीच्या ऑफिसात समोरासमोर बोलवा म्हणून हटून बसल्या. मलाही निरोप आला : एका महिन्यात तीन दावे, खोटे निघाले तर खातं बंद. खातं बंद म्हणजे गाडी दारात आणि हप्ते उरावर. माझं डोकंच फिरलं. चोर तो चोर, वर शिरजोर!

शुक्रवारी अकराला बोलावलं होतं. सकाळी नेहमीप्रमाणे अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दवाखान्यात घेऊन निघालो. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांचा खांद्याचा व्यायाम असतो. पुढच्या सीटचा पट्टा खांद्याला घासतो म्हणून ते मागे बसतात, फुटपाथच्या बाजूनं. त्यांना परत घरी सोडलं की मग मी ॲप चालू करतो.

वाटेत मी त्यांच्यापुढे सगळा राग ओकलो. तिघांचंही सांगितलं, विशेष करून त्या बाईंचं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाईंनीच केलं कशावरून?"

"मग काय मी केलं? अण्णा, लोकांचा काही भरवसा नाही."

"किती घेतात?"

"आठशे. ज्यानं केलं त्यानं भरावेत. साधी गोष्ट आहे."

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले आणि बाहेर बघत बसले.

घरी परतल्यावर उतरताना त्यांनी नेहमीसारखा वेळ लावला. वाकून कव्हर नीट केलं, हातानं दोनदा साफ केलं. मला तर उशीर होत होता. "असू द्या हो, मी करतो!" म्हणून ओरडलोसुद्धा.

ऑफिसात बाई आधीच येऊन बसल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मी खुर्ची जरा लांबच ओढली. टेबलामागच्या मॅडमनी पडद्यावर माझे फोटो उघडले.

"कोरड्या टिश्यूचा फोटो साडेसहाचा. यांची ट्रिप साडेनऊची. मधे गाडीत कोण होतं?"

"कोणी नाही. ही पहिलीच ट्रिप."

"तिन्ही वेळा पहिलीच ट्रिप?" त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "आणि तिन्ही वेळा मंगळवार नाहीतर शुक्रवार. यात कुठंतरी पाणी मुरतंय."

मंगळवार, शुक्रवार. अण्णा. काखेत कळसा आणि गावाला वळसा! महिनाभर दुनियेवर संशय घेतला, पण अण्णा माझ्या हिशेबातच नव्हते. ॲप बंद असताना बसलेला माणूस प्रवासी थोडाच असतो? ते वाकून कव्हर साफ करणं. तो खिडकीबाहेर बघणारा चेहरा. मला स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

मॅडमचा आवाज जरा नरम झाला. "घरचं कुणी बसलं असेल तर सांगा. नाव लिहिते, नजरचूक म्हणून मिटवून टाकू."

त्यांची बोटं कीबोर्डवर थांबली होती. त्या बोटांखाली काय उमटणार ते मला दिसत होतं. वाक्य माझंच, फक्त 'प्रवाशाने'च्या जागी माझ्या बापाचं नाव.

"माझ्याच हातून सांडलं होतं," मी म्हटलं. "खोटे दावे केले. तिघांचे पैसे परत करतो."

खातं कायमचं गेलं नाही, एक महिना बंद झालं. सही करून बाहेर आलो तर बाई जिन्यापाशी उभ्या. मी हात जोडले. "बाई, चुकलो."

"घरी वडील आहेत की आई?"

"वडील," मी कसंबसं म्हटलं.

"तीस वर्षं पहिलीचा वर्ग होता माझ्याकडे. बाक ओला झाला की कुणी केलं हे मी कधी विचारलं नाही. अख्ख्या वर्गाला मैदानात पाठवायचे." त्या कठडा धरून एक पायरी उतरल्या. "कव्हरच्या खाली रबरी चादर घाला. वरून दिसत नाही."

मंगळवारी अण्णा दार उघडून थबकले. "हे काय नवीन?"

"कंपनीचा नियम आलाय. मागच्या सीटला जाड कव्हर, सगळ्या गाड्यांना."

"सगळ्या?"

"सगळ्या. लोकांचा काही भरवसा नाही ना, अण्णा."

ते बसले. वाटेत हवापाण्याच्या गप्पा झाल्या, माझ्याही, त्यांच्याही. दवाखान्यापाशी ते उतरले, पण या वेळी कव्हर साफ करायला वाकले नाहीत. काठी टेकत सरळ पायऱ्यांकडे गेले.

मी मागे वळून बघितलं. सीट कोरडी होती. त्यांच्या पेन्शनच्या पाकिटात घडी करून ठेवलेले चोवीसशे तिथं पडले होते.