मोकळ्या सीटवरचा माणूस

महामारीच्या त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या सरकारनं काय काय बंद केलं, विचारू नका. दारू बंद, सिगारेट बंद, दुकानातली शिजवलेली कोंबडी बंद. बूट विकायला परवानगी, उघड्या चपलांना मनाई. रोग पायाची बोटं बघून चावतो, असं कुणा शहाण्याला वाटलं असावं. मी डर्बनहून पोंगोला नदीपलीकडच्या गावांना प्रवाशांची मिनीबस टॅक्सी नेतो. मलाही हुकूम होता: प्रत्येक रांगेत एक सीट मोकळी ठेवायची. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो असा.

एके सकाळी आमच्या भागातले वेलाफीकाका डर्बनच्या थांब्यावर रानबोरीची काटेरी फांदी घेऊन आले, तेव्हा मी काही विचारलं नाही. घरापासून लांब मेलेल्याला आम्ही असंच आणतो. प्राण गेला त्या खाटेला फांदी टेकवायची, हाक मारायची आणि घरी न्यायचं. मेलेल्याच्या सीटचं वेगळं भाडं भरायचं. वाटेत फांदीवाल्यानं बोलायचं ते फक्त मेलेल्याशी. जिवंत माणसाशी एक शब्द जरी बोलला, तरी मेलेला तिथंच राहतो.

काकांचा पुतण्या मेन्झी बंदरावर हमाली करायचा. जेमतेम विशीचा पोरगा, साथीत तिथल्याच हॉस्पिटलात गेला. देह प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, पेटीत घालून आधीच गावी धाडला होता. त्याची आई, माशेझी, एकच धोशा लावून बसली होती: "पेटी आली. माझं पोरगं कुठंय?"

हॉस्पिटलात नातेवाइकांना मज्जाव होता. फाटकाबाहेरूनच काकांनी फांदी उंच धरली आणि रीतीप्रमाणे आधी कुळाची नावं घ्यायला सुरुवात केली. कुळ मोठं, नावंही पुष्कळ. मेन्झीचं नाव यायच्या आतच शिपायानं शिट्टी फुंकून आम्हाला हाकललं.

काका मागच्या रांगेत बसले. शेजारची सीट मोकळी. "बाळा, आता डर्बन सुटलं," ते फांदीला म्हणाले. "बाळा, हे उसाचे मळे." बाकीचे प्रवासी बाहेर बघत राहिले.

नाक्यावर लष्करानं गाडी अडवली. केपटाउनकडचा कोवळा सैनिक होता. आमच्या रीतीभाती त्याच्या गावीही नव्हत्या. त्यानं खिडकीतून डोकं आत घातलं.

"मागच्या म्हाताऱ्याला मास्क का नाही?"

"काकांनी लावलाय की, साहेब."

"तो फांदीवाला नाही रे. त्याच्या शेजारचा. पांढरी दाढी, अनवाणी."

आरशात ती सीट मोकळीच दिसत होती. मास्कआड काकांचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण रीत आठवून त्यांनी फांदी घट्ट धरली.

"ए म्हाताऱ्या, उतर खाली," सैनिक म्हणाला. "ऐकू येत नाही का?"

"येत नाही, साहेब," मी म्हणालो. "ठार बहिरा आहे. आणतो मास्क." खणातला जादा मास्क काढून मी मागं गेलो. त्या सीटजवळ जाताना हॉस्पिटलातल्या फिनेलचा वास आला. मी मास्क फांदीच्या काट्याला अडकवला.

"आता कसं," सैनिक म्हणाला. "जा."

गाडी पुढं निघाली. मी आरशात बघायचं टाळत होतो. पुलावर गाडी चढली, तेव्हा त्यांचा आवाज आला. चिरकलेला.

"बाबा, आता पोंगोला ओलांडतोय."

प्रवासी एकेक करून उतरले, काहीजण तर आपल्या गावाच्या अलीकडेच. शेवटी काकांना मी माशेझीच्या दारापर्यंत सोडलं. तसंच निघून जायला हवं होतं, पण त्यांना एकटं टाकवेना.

माशेझीनं घराच्या आतल्या टोकाला, पूर्वजांच्या जागी, बकऱ्याचं मांस आणि घरची बिअर मांडून ठेवली होती. काकांनी फांदी तिथं टेकवली.

"आलास का रे बाळा?" तिनं विचारलं.

आता काकांना बोलायची मोकळीक होती. "वहिनी," ते म्हणाले, "मेन्झी नाही आला. दुसरंच कुणीतरी आलंय. म्हातारा माणूस आहे."

ही आता हंबरडा फोडणार, असं मला वाटलं. ती फांदीकडे वळली. मग तिनं बिअरचं मडकं थोडं पुढं सरकवलं.

"बसा, बाबा. पोरासाठी केलं होतं, तुम्ही घ्या. तुमचं कुणी फाटकाशी आलं नसेल." मग ती काकांकडे वळली. "भावोजी, यांचं घर कुठलं ते विचारून घ्या. त्यांचीही कुणी वाट बघत असेल."

काकांनी मान डोलावली. ती उठून माझ्यापाशी आली.

"माझा अजून फाटकातच उभा असेल. तो लाजाळू आहे, दुसऱ्याला पुढं जाऊ देतो. उद्या गाडी जाईल ना रे?"

डर्बनचा रस्ता आज रात्रीपासून बंद, उघडणार कधी ते नंतर कळवू, असं रेडिओवर दुपारीच सांगितलं होतं.

"जाईल, मावशी," मी म्हणालो.