शनिवारचा घाणा

भावेशने पामतेलाची पिशवी दातांनी फाडली, पचकन थुंकला आणि सगळं तेल लाकडी घाण्यात ओतलं.

"पाहुण्यांसमोर धार पडायला पाहिजे ना मॅडम. तीळ कधी पिळणार नि शूट कधी होणार?"

रुथला शिसारी आली. पनवेलच्या त्या शाळेत ती इतिहास शिकवायची. मुलांनी धडे पाठ करून पेपरात ओकण्यापेक्षा इतिहास हाताने करून बघावा, ही कल्पना तिचीच. कोकणातले बेने इस्रायली ज्यू पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत आले, तिचे पणजोबाही त्यांतलेच. मुलांनी एकदा घाणा ओढून बघावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण मुख्याध्यापिका सुनीताबाईंनी काम दिलं खारघरच्या या इव्हेंटवाल्याला, आणि करायला गेले गणपती, झाला मारुती.

आठवीतला प्रितेश काळा लांब कोट घालून घामाने निथळत उभा होता. हनुवटीला गमाने चिकटवलेली हातभर दाढी.

"हे काय सोंग?"

"ज्यू, टीचर. नेटवर असेच दिसतात म्हणाले."

पणजोबा धोतर नेसायचे, डोक्याला मुंडासं बांधायचे. रुथने ती दाढी ओढून काढली आणि मेलेला उंदीर टाकावा तशी लांब फेकली. मग तिची नजर वरच्या फलकावर गेली. 'शनिवार तेली! फक्त शनिवारी ताजं तेल!'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, शनिवारी घाणा बंद ठेवायचे ते! देवाचा दिवस म्हणून. त्यावरून लोकांनी पाडलेलं नाव आहे हे."

"असं होय? जाऊ द्या, कोण वाचतंय."

उचलली जीभ लावली टाळ्याला! ती आणखी काही बोलणार, तोच सुनीताबाई पाहुण्यांना घेऊन आल्या. मागोमाग मुलं, पालक, वर धरलेले मोबाइल.

"रुथबाई, पहिला फेरा तुम्हीच मारा. तुमचीच माणसं ना! व्हिडिओ मस्त येईल."

आजचा वारही शनिवारच. नोकरीपायी रुथने शनिवार कितीदा मोडला होता, आजही मोडूनच आली होती. हातात खडू धरताना तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण आता हा दांडा ढकलला, तर एवढ्या पोरांच्या डोक्यात तिची माणसं कायमची उलटी बसणार होती, आणि तीही तिच्याच हाताने.

ती दांड्यापाशी गेली आणि पदर खोचून खाली मांडी घालून बसली.

"आज शनिवार आहे. घाणा चालणार नाही."

"अहो, पाहुणे ताटकळलेत!" सुनीताबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "दोन मिनिटांचं काम."

रुथ हलली नाही. भावेशने माइक ओढला.

"थोडा टेक्निकल प्रॉब्लेम आहे, सॉरी हं."

प्रितेश हनुवटी खाजवत तिच्याजवळ आला.

"टीचर, मग शनिवारी ते काय करायचे?"

"हेच," रुथ म्हणाली.

प्रितेशने कोट काढला आणि तिच्या शेजारी बसला.