आज काय बरं लागलं?

मी फोडणीची पळी बोलतेय. लोखंडाची, लांब दांड्याची, मुठीत मावेल एवढ्या पोटाची. रंगाबद्दल विचारू नका. माझ्यापुढे तवासुद्धा गोरा दिसतो. सध्या मुक्काम फिनलंडमधलं टाम्पेरे, पण जन्म झाशीचा.

सदर बाजाराच्या वाटेवर गाडिया लोहारांच्या बैलगाड्या मुक्कामाला असत. तिथल्या रस्त्याकडेच्या भट्टीत मला आकार आला. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या अनुसूयाबाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि दांडा आखूड आहे म्हणून उगाच तक्रार केली. लोहारीण कसली ऐकतेय! "अम्माजी, हाथ जल जाए तो वापस ले आइयो," म्हणाली. हात काही भाजला नाही, आणि त्यांच्या मराठी घरात मी कायमची राहिले.

माझं काम थोडं, पण मानाचं. निखाऱ्यावर लाल व्हायचं, तूप, जिरं, हिंग पोटात घ्यायचं आणि वरणात बुडी मारायची. चुर्र! शेजारच्या तिवारीणबाई त्या आवाजावर आमच्या घराबद्दल सांगत, "पंडितजी के घर खाना लग गया." पुढे गॅस आला. निळी ज्योत स्वच्छ खरी, पण निखाऱ्याची सर तिला नाही.

अनुसूयाबाईंचा मुलगा जनार्दन रेल्वेत कारकून. त्याची बायको शारदा सांगलीची. तिला झाशी म्हणजे परदेशच. चहूकडे हिंदी, मे महिन्यात लूच्या झळा, जानेवारीत हाडं गोठवणारी थंडी. पानावर बसली की तिचे डोळे भरायचे. एका संध्याकाळी सासूबाईंनी मला वरणात बुडवलं आणि म्हणाल्या, "रडायचं तर रड गं, मी नको म्हणत नाही. पण आधी एक सांग. आज काय बरं लागलं?"

"काहीच नाही."

"ठीक. उद्या पुन्हा विचारीन."

आणि विचारलंच. रोज. एक दिवस शारदा नाक पुसत म्हणाली, "भाजीवाल्या चाचीनं मला दुलैया म्हणून हाक मारली." सासूबाई हसल्या. दुलैया म्हणजे नवी नवरी. मग कधी खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या पडद्याचा वास निघाला, कधी मऊरानीपूरहून आलेला, जाळावर भाजलेला हिरवा हरभरा. होता होता घराचा रिवाजच पडला. पळी वरणात बुडली की प्रत्येकानं दिवसातली एक बरी गोष्ट सांगायची.

जनार्दनचं उत्तर मात्र वर्षानुवर्षं एकच. "वरण."

सगळे हसायचे. त्याची मुलगी वसुंधरा तर ओरडायची, "बाबा, कुछ तो नया बोलो!" मीही मनात म्हणायचे, आळशी मेला, याला विचार करायचाही कंटाळा.

वसुंधरा नर्स झाली. फिनलंडला नर्सेस हव्यात असं कळलं, तेव्हा दोन वर्षं घासून ती तिथली भाषा शिकली. अनुसूयाबाई तोवर गेल्या होत्या. निघताना शारदानं मला टॉवेलात गुंडाळून बॅगेत सारलं.

टाम्पेरेतल्या पहिल्याच संध्याकाळी वसुंधरानं मला विजेच्या शेगडीवर घरच्यासारखं लाल केलं. तूप पडलं, धूर उठला आणि छताला चिकटलेला भोंगा बोंबलायला लागला. सगळी इमारत बर्फात उतरली. सपाता घातलेले म्हातारे, कडेवर पोरं, वर आगीचा बंब. मधोमध वसुंधरा, हातात मी. पोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरात आल्यावर तिनं मला साबणानं घासलं आणि ओलीच खणात टाकलं. ओलं लोखंड! मला गंज चढला. ती पाव खाऊन राहू लागली. हिवाळ्यात तिथं दुपारीच अंधारतं. रोज झाशीहून फोन यायचा आणि खणातून मला शारदाचा आवाज ऐकू यायचा. "आज काय बरं लागलं?"

"काही नाही, आई."

"ठीक. उद्या पुन्हा विचारीन."

एका शनिवारी वसुंधरा रडली. "आई, मन नाही लागत इथं. बस, बहुत झालं. सोमवारी सांगून देते, नोकरी नको म्हणून." मागून जनार्दन एवढंच बोलला, "ये बेटा. घर आहे." दोन वर्षांची तिची मेहनत मी पाहिली होती. मला फार वाईट वाटलं.

रविवारी पिर्को नावाची तिच्या वॉर्डातली वयस्क नर्स तिला रानात घेऊन जाणार होती. तिथं गावानं एक झोपडीवजा आडोसा बांधलाय. आत चूल, बाजूला लाकडं. कुणीही यावं, आपलं खाणं शेकावं. वसुंधरानं वरण शिजवून डब्यात भरलं, थोडं थांबली, मग खण उघडला. तेलमीठ लावून माझा गंज काढला.

आणि मला निखारे दिसले. किती वर्षांनी! मला रडूच आलं असतं, पण लोखंडाला रडणं परवडत नाही. मी लाल झाले. तूप, जिरं, हिंग. वसुंधरानं घरी फोन लावून तो बाकावर ठेवला आणि मला वरणात सोडलं.

चुर्र!

पिर्को दचकली, मग आपला पेला पुढे करून हसली. वर मोकळं आभाळ, भोंगा कुठेच नाही.

"अगं बाई, पळी!" फोनमध्ये शारदा ओरडली. मग सवयीनं तिनं विचारलं, "आज काय बरं लागलं?"

वसुंधरानं पेला दोन्ही हातांनी धरला होता. एक घोट घेतला. डोळे मिटले.

"वरण," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. फोनमधून जनार्दनचा आवाज आला, "हेच तर मी म्हणत होतो, भई."

तीस वर्षं आम्ही त्याला हसलो, आणि तो बिचारा रोज खरं तेच सांगत होता.

सोमवारी वसुंधरा कामावर गेली. मी दिवसभर धास्तावलेली. सांगितलं असेल का? संध्याकाळी ती आली, कोट काढला आणि खिडकीशेजारी भिंतीत एक खिळा ठोकला. मला त्यावर टांगलं. जाणारं माणूस खिळा ठोकत नाही.

हल्ली ती खिडकी उघडते, मला बेताचीच तापवते. भोंगा गप्प असतो. मी म्हातारी झालेय, पण पोट अजून काळंभोर आहे. माझं मागणं मोठं नाही. माझ्या जातीच्यांना घासल्यावर कोरडं पुसत जा. आणि परक्या गावात एकटं कुणी ओळखीचं असेल, तर त्याला संध्याकाळी फोन करत जा.

बरं, तुम्हाला आज काय बरं लागलं?

काहीच नाही?

ठीक. उद्या पुन्हा विचारीन.