कॅझच्या तोंडातले शेंगदाणे

पोर्ट हॅरोच्या हेरॉन्स या बेसबॉल संघावर जीव लावणं म्हणजे आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं. बर्निसने तो लहानपणीच पाडून घेतला होता आणि सत्तरी उलटली तरी पाय काही बाहेर काढला नव्हता. हेरॉन म्हणजे बगळा. हे बगळेही हंगामभर एका पायावर उभे राहून वाट बघत आणि मासा दुसराच कुणी घेऊन जाई. दर सप्टेंबरात बर्निस जाहीर करी, "बस्स झालं, पुढच्या वर्षी या नालायकांचं तोंड बघणार नाही." एप्रिल उजाडला की कपाटातून निळी टोपी काढून झटकायची तीच.

शेजारच्या खुर्चीत तिचा धाकटा भाऊ कॅझ. वडिलांनी गोदीतल्या पगारातून घेतलेल्या या दोन जागा, मैदानातल्या तिसऱ्या तळाच्या, म्हणजे बेसच्या, अगदी बाजूला. कॅझच्या जिभेला हाड नव्हतं. पंचाच्या चष्म्यापासून मॅनेजरच्या सासूपर्यंत तो सगळ्यांचा उद्धार करी, आणि मधल्या वेळात जुन्या गोष्टी सांगे. त्या बर्निसला पाठ होत्या, तरी दर वेळी हसू यायचंच. एकदा आपल्याच खेळाडूच्या टाळक्यावर आपटून चेंडू भिंतीपलीकडे गेला, समोरच्यांना फुकटचा होमरन मिळाला, आणि वडील इतके हसले की त्यांची कवळी बिअरच्या पेल्यात पडली. पेला मात्र त्यांनी संपवला.

पण कॅझच्या नावावर एक पाप होतं. सबंध नऊ डाव समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे तळ गाठून देणारा फटका, मिळू द्यायचा नाही, याला म्हणतात नो-हिटर. चेंडू टाकणाऱ्या भल्याभल्या पिचरना जन्मात जमत नाही, आणि हेरॉन्सच्या तर अख्ख्या इतिहासात कुणाला जमलेला नाही. तो घडत असताना त्याचं नाव घ्यायचं नसतं. इथे कागदावर घेतलं म्हणून चाललं. मैदानात घ्याल तर मागचा माणूस पाठीत गुद्दा घालेल, आणि त्याचं काही चुकणार नाही. अठ्ठ्याहत्तर साली शेवटचा एक फलंदाज उरला होता. वडील हात जोडून बसले होते, आणि कॅझ आनंदाच्या भरात ओरडला, "बाबा, नो-हिटर!" पुढच्याच चेंडूवर हिट. पुढे वडील एकही नो-हिटर न बघताच वर गेले. बर्निसने तेव्हापासून भावाला सुखाने जेवू दिलं नव्हतं. नाताळच्या जेवणातसुद्धा बटाटे पुढे सरकवताना ती म्हणे, "घे, तोंड भर. रिकामं असलं की घात करतं."

आज हंगामाचा शेवटचा सामना होता, आणि कॅझचाही. सामना संपला की त्याचा जावई गाडी घेऊन फाटकापाशी येणार होता. तिथून थेट विमानतळ, तिथून ॲरिझोना, लेकीकडे. गुडघ्यांना आता इथल्या हिवाळ्यातलं बर्फ सोसत नव्हतं. पुढच्या वर्षी त्या खुर्चीत कोण बसेल, हा विषय बर्निसने घरात काढूच दिला नव्हता. फाटकातून आत शिरताना कॅझ म्हणाला होता, "आज पोटभर बोलून घेऊ."

आणि नेमका आजच मुहूर्त साधला त्या दरिद्री संघाने! पिचर होता डॉब्स नावाचा एक काटकुळा. नेहमीचे सगळे जायबंदी, म्हणून खालच्या संघातून उचलून आणलेला. पाचवा डाव संपला तरी त्याने कुणाला हिट दिला नव्हता. हळूहळू आसपासची बडबड थांबली. कुणी जागा सोडेना, कुणी फलकाकडे बोट दाखवेना. मागच्या रांगेतला म्हातारा डेल्बर्ट लघवी दाबून मांडी घट्ट आवळून बसला. बर्निसने शेंगदाण्यांची पिशवी भावाच्या मांडीवर आपटली.

"भर."

"अगं, पण मी—"

"भर म्हणते ना!"

कॅझने मुकाट्याने बकाणा भरला. सहावा डाव गेला, सातवा गेला. पिशवी संपली तेव्हा तिने दुसरी घेतली.

आठव्या डावात तिने सहज बाजूला पाहिलं. कॅझचे गाल माकडासारखे फुगले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. बिचारा गिळतही नव्हता, न जाणो गिळलं आणि शब्द निसटला तर! समोर पंचाने ढळढळीत चूक केली, तरी त्याने नुसता हात हवेत फेकला. बर्निसने जन्मभर ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि तिला मात्र त्या कवळीची गोष्ट ऐकायची होती. दोन डाव असेच गेले की जावई येणार, आणि भाऊ तोंडात शेंगदाणे घेऊनच निघून जाणार.

"कॅझ," ती म्हणाली.

त्याने घाबरून तिच्या ओठांवर हात ठेवला. तिने तो बाजूला केला आणि तीन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा पोरगा नो-हिटर टाकतोय बघ."

कुणाच्या तरी हातून पेला पडला. डॉब्सने चेंडू टाकला. फलंदाजाने बॅट फिरवली आणि चेंडू दुसऱ्या तळावरच्या खेळाडूच्या डोक्यावरून निवांत जाऊन गवतात पडला. हिट!

"बर्निस, अगं डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" डेल्बर्ट ओरडला, आणि उत्तराची वाट न बघता शौचालयाकडे धावला. बाकीच्यांनी शिव्या घातल्या. बर्निसने त्या खाली मान घालून ऐकल्या. तिला खरंच वाईट वाटत होतं, वडिलांसाठीही आणि त्या काटकुळ्यासाठीही.

कॅझ खोकत, ठसकत, शेंगदाणे गिळत होता. "मुद्दाम बोललीस!"

"मग? तू गप्प बसलेला बघवेना."

कॅझ नाक ओढून म्हणाला, "तो पंच बघितलास? त्याच्या आजीला जास्त दिसत असेल!" आणि जो सुटला तो सुटलाच. मॅनेजरची सासू झाली, चेंडू आणि टाळकं झालं, कवळी तर दोनदा झाली. तेवढ्यात हेरॉन्सनी सामनाही घालवला. तिकडे दोघांचं लक्ष नव्हतं.

जावयाने गाडीचं दार उघडून धरलं होतं. कॅझ आत बसला आणि काच खाली करून बोट नाचवत म्हणाला, "अठ्ठ्याहत्तरपासून तू मला छळलंस. आता माझी पाळी. रोज फोन करून ऐकवणार तुला, काय केलंस ते."

"रोज?"

"रोज. हंगाम नसला तरी."

बर्निसने टोपी काढून त्याच टोपीने डोळे पुसले.

"विसरलास तर याद राख," ती म्हणाली.