अर्ध्या सेकंदाची पेटी

माझा काका आंधळा आहे आणि त्याची कुणी कीव केलेली त्याला अजिबात खपत नाही. हा गुण माझ्यातही उतरलाय.

छापील शब्दावर धरली की तो मोठ्यानं वाचणारी पेटी आमची कंपनी बनवते. काकाकडची जुनी, उठावदार बटणांची. पेटीला वाचता येणाऱ्या शब्दांची नवी, मोठी यादी तिच्या इवल्याशा मेमरीत मावेना, तेव्हा साहेबांनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं, "पुढच्या महिन्यापासून जुनी पेटी बंद. लोक नवी घेतील." नवीला हाताला लागणारं एकही बटण नाही, नुसती गुळगुळीत काच. आंधळ्यांसाठी! माझं डोकंच फिरलं.

"यादी मी बसवून दाखवते," मी म्हटलं.

शेजारशेजारच्या शब्दांची सुरुवात बरेचदा सारखीच. मग ती पुन्हा पुन्हा कशाला लिहायची? 'घरकाम' पूर्ण लिहिलं की 'घरकुल'साठी एवढंच: पहिली दोन अक्षरं वरचीच, पुढे 'कुल'. यादी निम्मी झाली. पण आता कुठलाही शब्द शोधायला पेटी पार पहिल्यापासून मोजत यायची. एका शब्दाला नऊ सेकंद! साहेब गालातल्या गालात हसले. मग तर मी हट्टालाच पेटले. दर सोळावा शब्द पूर्ण लिहिला, म्हणजे पेटीनं तिथवर थेट उडी मारायची आणि पुढचे फार तर पंधरा शब्दच चालायचे. थोडी जागा गेली, पण यादी बसली आणि वेळ अर्ध्या सेकंदावर आला.

"नवी हिच्या पाचपट वेगवान आहे," साहेब सेकंद मोजायचं घड्याळ नाचवत म्हणाले. "रखडणारी वस्तू मी चालू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी काकालाच ऑफिसात नेलं.

"साहेब, पेटी माझ्या हातात आली की घड्याळ लावा," काका म्हणाला. जुन्या पेटीवर अंगठा फिरला, बटण दाबलं गेलं, पेटी बोलली.

"दीड सेकंद," साहेब म्हणाले.

"आता तुमची वेगवान द्या."

काचेवर काकाची बोटं फिरली. वर, खाली, कडेनं. पेटी गप्प. मी मदतीला पुढे झाले तर त्यानं माझा हात झटकला. शेवटी "थांबवतो घड्याळ," म्हणत साहेबांनी अंगठा उचलला.

"थांबवू नका," काका म्हणाला. "अजून बटण सापडलेलं नाही."