उतारावरून सुटलेला गठ्ठा

त्या दिवशी ऊन कसं लख्ख पडलं होतं. बरेच दिवस दमट हवा होती आणि सकाळपासून एकदम कोरडा वारा सुटला. कापलेलं गवत मुठीत धरलं की कुरकुर वाजावं, असला वारा. संध्याकाळकडे ढग चढणार हे डोंगराच्या कडेवर दिसतच होतं, म्हणून शेताशेतात ट्रॅक्टर घरघरत होते. आणि मी? मी छपरात ताडपत्रीखाली तोंड लपवून उभा होतो.

मी गवताचे गोल गठ्ठे बांधणारा बेलर. ट्रॅक्टरच्या मागं मागं जायचं, पडलेलं गवत उचलायचं, पोटातल्या पट्ट्यांवर गरगर फिरवून त्याचा गोळा करायचा, वर जाळी गुंडाळायची, आणि मागचं दार उघडून तो खाली सोडायचा. खातो ढीगभर, अंगाला लागत काहीच नाही. पण आपल्या बांधलेल्या गवतावर गाईगुरं थंडी काढतात, याचं मला सुख होतं.

मला निवडलं तेच मुळी पारखून. विक्रेत्याच्या आवारात माझ्या शेजारी एक थोराड, चकचकीत बेलर उभा होता. गिऱ्हाइकं त्याच्याच भोवती. माझे मालक मात्र सरळ माझ्याखाली पाठीवर झोपले. एकेक बेअरिंग हातानं फिरवून कान लावला, पट्ट्यांचे जोड बोटानं चाचपले. मग कपडे झटकत म्हणाले, "हा घेऊ. आपला ट्रॅक्टर लहान, जमीन उताराची. तो दांडगा नेला तर तोच ट्रॅक्टरला घेऊन खाली जाईल."

तेव्हापासून लोक त्यांना वंगणदादा म्हणू लागले. कुणाला बेलर घ्यायचा असला की आधी आमच्या छपराशी यायचं. मालक ग्रीसनं माखलेल्या हातानं सांगायचे, "ही सोयरीक आहे बाबा. नुसतं तोंड बघून ठरवू नये, आत जाऊन पाणी पिऊन यावं." लोक हसायचे, पण ऐकायचे. मलाही कॉलर असती तर ताठ केली असती.

मग माझ्या मागच्या दाराचा आकडा झिजला. दार लागायचं, पण नीट धरायचं नाही. मालकांनी त्याला तार गुंडाळली.

मालकीणबाई बघत होत्या. म्हणाल्या, "अहो, जगाला शहाणपण सांगता आणि आपल्या घरी तार?"

"आजचा दिवस निघेल गं," मालक म्हणाले.

तो दिवस निघाला. दुसराही निघाला. माणसाचं असंच असतं, एकदा निभावलं की तेच पक्कं वाटायला लागतं. मला दर खड्ड्याला ती तार ताणलेली कळायची. पण मला वाचा कुठली?

उताराच्या शेताचा एक नेम आहे. गठ्ठा सोडण्याआधी बेलर उताराला आडवा लावायचा. नाहीतर गोल वस्तू ती, ती काय थांबते? मालक हा नेम कधी चुकले नाहीत. पुढं एके दिवशी ते असेच वळत होते. पोट भरलेलं, माझी पाठ खाली उताराकडे, आणि तेवढ्यात तार तुटली. दार फटकन उघडलं.

गठ्ठा पडला, क्षणभर डुलला, आणि निघाला. कुंपण मोडून खालच्या वहिनींच्या गोठ्याच्या भिंतीत घुसला. या वहिनी म्हणजे आमच्या शेजारीण. एकट्या, चार गाई, आणि जीभ धारदार. मालक धावत खाली गेले. गाई दावी ताणून हंबरत होत्या. भिंत आत कोसळली होती, आणि विटांखाली दूध काढायला बसायचं स्टूल चपटं होऊन पडलं होतं. वहिनी नुकत्याच उठून दुधाची बादली घरात ठेवायला गेल्या होत्या.

मालक त्या स्टुलाकडे बघत राहिले. वहिनी दारात दिसताच ते मागं फिरले. मान खाली घालून परत आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंडी पाठवला. स्वतः गेले नाहीत. माझा आकडा नवा बसवला, पट्टे बदलले, बेअरिंगा पुसून पुसून ग्रीस भरलं. आणि मग ताडपत्री टाकली. कुणी सल्ल्याला आलं की मालक घरातूनच सांगायचे, "मला नका विचारू." मी धडधाकट, आणि तरी मान वर होत नव्हती. त्या चपट्या स्टुलावर माझीही सही होती ना.

तुम्ही कुणी माझ्या जातीचं यंत्र घेणार असाल तर एवढंच मागतो. घेताना जेवढा कान लावता, तेवढा दहा वर्षांनीही लावा. तारेवर काम निघत असेल तेव्हा तर जास्तच.

तर त्या लख्ख दिवशी दुपारी वहिनी स्वतः चढ चढून आल्या. त्यांचं गवत खाली कापून पडलं होतं. पाऊस आला असता तर कुजलं असतं, आणि गाईंची थंडी उपाशी गेली असती. त्यांनी आल्या आल्या माझ्यावरची ताडपत्री ओढून काढली.

"आकडा बदलला?"

"बदलला," मालक जमिनीकडे बघत म्हणाले.

"मग माझं गवत कोण बांधणार? तुमचा गवंडी?"

"वहिनी, दुसऱ्या कुणाला बोलवा. मी सांगून ठेवतो. माझ्यानं तुमच्यासमोर उभं राहवत नाही. तुम्ही त्या दिवशी तिथं बसलेल्या असता तर..."

"नव्हते ना बसलेली!" वहिनींनी हातातली ताडपत्री खाली आपटली. मग पदरानं घाम पुसून, डोंगराकडे एकदा बघून त्या म्हणाल्या, "भीती मला वाटायला हवी, ती वाटून झाली, आणि मी रोज त्याच भिंतीशी बसून दूध काढते. तुमच्या लाजेनं माझ्या गाईंचं पोट भरायचं नाही, भाऊजी. ढग आले. ट्रॅक्टर जोडा."